अक्षरांचा शेजारधर्म

मित्रमैत्रिणींनो, आज वाचायला बसण्याआधी थोडं सामान गोळा करा. चाररेघी वहीचं एक पान, पेन आणि कात्री. (धाकट्या मंडळींनी कात्रीसाठी ताईला किंवा आईला हाक मारावी.) जमलं सगळं? आता त्या पानावर कर्सिव्हमध्ये दोन छोटे इंग्रजी शब्द लिहा. एक 'अ‍ॅन', म्हणजे 'ए' आणि 'एन'. त्याच्याखाली 'ऑन', म्हणजे 'ओ' आणि 'एन'. शाळेत शिकवतात तसे, हात न उचलता. छोटी अक्षरं वापरा, मोठी नकोत.

लिहिलेत? मग दोन्ही शब्दांमधल्या 'एन'कडे नीट बघा. पहिल्या शब्दात 'ए'ची शेपटी खालच्या रेघेवर येते, तिथून वर चढते आणि 'एन' सुरू होतो. दुसऱ्या शब्दात मात्र 'ओ' वरच संपतो. त्याची शेपटी झोपाळ्यासारखी वरच्या वर जाऊन 'एन'ला मिळते. म्हणजे अक्षर तेच, पण त्याची सुरुवात निराळी! आता कात्रीनं ही चारही अक्षरं सुटी करा आणि दोन 'एन'ची अदलाबदल करून बघा. बसतात का? एकीकडे शेपटी वर लोंबकळते आणि दुसरीकडे खाली नुसतंच बोट पुढे करून उभी राहते.

आपण लिहिताना हा विचार कधी करत नाही. शेजारी कोण आहे ते हाताला आपोआप कळतं आणि तो अक्षराला तसं वळण देतो. पण छापणाऱ्याचं काय? त्याच्याकडे तर सगळी अक्षरं तुमच्या त्या कात्रीनं कापलेल्या तुकड्यांसारखी सुटीच असतात. लग्नपत्रिकेवरची, अत्तराच्या बाटलीवरची, केकच्या दुकानाच्या पाटीवरची ती झुळझुळीत, एकमेकांचा हात धरून चालणारी अक्षरं सुट्या तुकड्यांतून तयार कशी होतात, ही आजची आपली गोष्ट.

आजोबांना विचारा, त्यांनी जुना छापखाना पाहिला असेल. तिथे शिशाचे खिळे असत. खिळा म्हणजे भिंतीत ठोकायचा नव्हे बरं का! शिसं आणि आणखी एकदोन धातू वितळवून ओतलेली छोटी चौकोनी कांडी. तिच्या डोक्यावर एकच अक्षर, तेही उलटं. असे खिळे एकेक वेचून ओळीत बसवायचे, शाई लावायची आणि कागद दाबायचा. सुट्या, ताठ उभ्या अक्षरांना ही पद्धत झकास. पण तिरप्या, पळत्या अक्षरांना चौकोनी कांडी म्हणजे तुरुंगच की! शेपटी बाहेर काढावी, तर ती शेजारच्या कांडीवर टेकते. शिशाचा असा बाहेर आलेला पातळ तुकडा दाबाखाली पटकन मोडायचा. आणि शेपटी आत ठेवावी, तर दोन अक्षरांमध्ये फट पडते. म्हणजे हात पुढे केले आहेत, पण कुणी कुणाचा हात धरलेलाच नाही.

इटलीतल्या व्हेनिस शहरात आल्डस मनुशियस नावाचा एक नामांकित प्रकाशक होता. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिरानं हाताच्या पळत्या अक्षरावरून तिरपे खिळे बनवले आणि १५०१ साली त्या खिळ्यांत छापलेलं व्हर्जिल या रोमन कवीचं पुस्तक निघालं. कॉम्प्युटरवर अक्षर तिरपं करायला तुम्ही 'इटॅलिक' दाबता ना, ते नाव या इटलीवरूनच पडलं. पण ग्रिफोची अक्षरं वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखी नुसती कलली होती. त्यांतली बहुतेक एकमेकांना जोडलेली नव्हती.

खऱ्या अर्थानं जोडलेलं अक्षर छापायचं, तर मग लोकांनी खिळ्यांचा नादच सोडला. आपल्याकडे राजेलोक दानपत्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून देत. ते ताम्रपट तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात पाहिले असतील. युरोपात तांब्याचा पत्रा वेगळ्याच कामाला आला. आधी एखादा सुलेखनकार टोकदार लेखणीनं कागदावर लिहायचा. लेखणी खाली येताना जरा दाब दिला की रेघ जाड, वर जाताना हात हलका सोडला की केसासारखी बारीक. मग कोरक्या ते सगळं पानच्या पान पत्र्यावर उलटं कोरायचा. कोरलेल्या चरांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओला कागद ठेवून जोरानं दाबायचा. चरांतली शाई कागदावर! सुटी अक्षरं नाहीत, तेव्हा ती जोडायचा प्रश्नही नाही. या अक्षराला अजूनही 'कॉपरप्लेट' म्हणजे तांब्याचा पत्रा असंच म्हणतात. लंडनच्या जॉर्ज बिकम या कोरक्यानं १७३३ ते १७४१ या काळात 'द युनिव्हर्सल पेनमन' नावाचा मोठा कित्ता हप्त्याहप्त्यानं काढला. त्यात पंचवीस सुलेखनकारांचं अक्षर आहे. तो काही चित्रकारांसाठी नव्हता हं. व्यापाऱ्यांच्या पेढीवर हिशेब आणि पत्रं लिहिणाऱ्या पोरांनी तो गिरवावा, अशी अपेक्षा होती. आज आपल्याला जे अक्षर शाही वाटतं, ते तेव्हा कारकुनाचं रोजचं अक्षर होतं!

पण एक पान कोरायला किती दिवस लागत असतील? शिवाय पुढच्या पानाला पुन्हा नव्यानं सुरुवात. म्हणून खिळ्यांचे प्रयत्नही चालूच राहिले. पॅरिसमध्ये फर्मां दिदो यानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खिळाच तिरपा केला, म्हणजे अक्षर आणि कांडी दोन्ही एकाच बाजूला कललेली. डोकं मस्त चालवलं, पण असे खिळे जुळवणाऱ्याची कसोटीच लागायची.

खरी सुटका झाली, ती शिसं गेल्यावर. विसाव्या शतकात अक्षरं फिल्मवर आली. फिल्ममधून प्रकाश सोडायचा आणि अक्षराचं छायाचित्र कागदावर घ्यायचं. सावलीला कसली आलीये कांडी! एका अक्षराचं चित्र दुसऱ्यावर थोडं चढलं तरी काही मोडत नाही. ही संधी मॅथ्यू कार्टर यांनी साधली. या इंग्रज गृहस्थांनी अठरा-एकोणीस वर्षांचे असताना नेदरलँड्समधल्या एका जुन्या छापखान्यात पोलादाचे ठसे हातानं कोरायला शिकून घेतलं होतं. म्हणजे शिशाच्या अडचणी त्यांना पुस्तकातून कळलेल्या नव्हत्या, हातातूनच कळल्या होत्या. १९६६ साली त्यांनी 'स्नेल राउंडहँड' हा फाँट तयार केला. चार्ल्स स्नेल हे साधारण तीनशे वर्षांपूर्वीचे लंडनचे लेखनमास्तर, आणि नियमांचे भलतेच पक्के. प्रत्येक अक्षराचं माप ठरलेलं असावं, असा त्यांचा हट्ट. यंत्राला असाच मास्तर हवा होता! प्रत्येक अक्षराची शेपटी एकाच उंचीवर, एकाच तिरपेपणानं संपली, तर कोणतंही अक्षर कुणाच्याही शेजारी बसवा, जोड बरोबर येणारच.

जाता जाता एक गंमत. याच कार्टरसाहेबांनी १९९६ साली 'व्हर्डाना' हा फाँट केला. तुमच्या कॉम्प्युटरवर तो बहुधा असेलच. त्यात त्यांनी अगदी उलटं काम केलं. पडद्यावरची अक्षरं एकमेकांना चिकटली तर वाचता येत नाहीत, म्हणून शेजाऱ्यांमध्ये मुद्दाम मोकळी जागा सोडली.

पण 'सगळ्यांची शेपटी एकसारखी' हा उपाय म्हणजे सगळ्या मुलांना एकाच मापाचा गणवेश शिवण्यासारखा झाला. जोड येतो खरा, पण 'ओ'ला उगाच खाली उतरावं लागतं आणि ओळ जरा यंत्राची वाटते. एखाद्याच्या हाताचं, मनात येईल तसं वळणारं अक्षर हवं असेल तर?

आता जर्मनीत जाऊ. न्यूरेंबर्गच्या हेर्मान झाप्फ यांनी १९३५ साली दोन पुस्तकं विकत आणली आणि घरीच सुलेखन शिकायला सुरुवात केली. शिक्षक वगैरे कुणी नाही. पुढे महायुद्ध झालं. त्यांची नेमणूक नकाशे काढणाऱ्या तुकडीत झाली. तिथे ते भिंगाशिवाय एक मिलिमीटर उंचीची अक्षरं लिहीत! १९४४ साली त्यांनी आपल्या वहीत एक पान लिहिलं. लांब लांब शेपट्या, कुणाची वर गेलेली, कुणाची खाली गिरकी घेतलेली. युद्ध संपल्यावर १९४८ साली त्यांनी या धर्तीचे शिशाचे खिळे करून बघितले, पण शिशानं आपला जुना हिसका दाखवला. लांब शेपट्या आखूड कराव्या लागल्या. ते वहीतलं पान वहीतच राहिलं.

किती वर्षं राहिलं असेल? जवळजवळ पन्नास! १९९३ साली अमेरिकेतून डेव्हिड सीगल नावाच्या तरुणाचं पत्र आलं. कॉम्प्युटरच्या मदतीनं, एकाच अक्षराची पुष्कळ रूपं असलेलं काहीतरी करू या, असं त्याचं म्हणणं. झाप्फना ते जुनं पान आठवलं. मध्ये हे काम अर्ध्यात थांबलंसुद्धा. पण झाप्फ ते घेऊन लायनोटाइप या कंपनीकडे गेले आणि १९९८ साली 'झाप्फिनो' फाँट बाहेर आला. तेव्हा त्यांचं वय होतं ऐंशी. पुढे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरवर तो आला, तेव्हा त्यात चौदाशेहून जास्त चिन्हं होती. इंग्रजीत अक्षरं सव्वीस, मग इतकी चिन्हं कशाला? तर एकेका अक्षराची निरनिराळी रूपं आणि दोन-तीन अक्षरं मिळून झालेल्या जोड्या. शेजारी कोण आलं आहे ते बघून कॉम्प्युटर योग्य ते रूप काढून ठेवतो. तुम्ही वहीवर दोन तऱ्हेचे 'एन' लिहिलेत ना? तेच. फरक इतकाच की तुमच्या हाताला जे न सांगता कळतं, ते इथे फाँटमध्ये नियम करून लिहून ठेवावं लागतं: अमक्याच्या पुढे तमका आला तर हे रूप घे.

हे नियम फार परके वाटताहेत का? मग मराठी कीबोर्डवर 'क' दाबा, मग पाय मोडण्याचं हलन्त चिन्ह आणि मग 'ष'. पडद्यावर काय उमटलं? 'क्ष'! तुम्ही तर 'क्ष' दाबलाच नव्हता. फाँटनं शेजारी ओळखला आणि दोघांना बाजूला सारून तिसरंच चिन्ह ठेवलं. आपल्या जोडाक्षरांना आणि झाप्फिनोच्या शेपट्यांना एकाच पद्धतीचे नियम लागतात. इंग्रजीत जी चैन आहे, ती मराठीत रोजची गरज आहे. शिशाच्या काळात आपल्या जुळाऱ्यांना याच जोडाक्षरांपायी शेकडो खिळे सांभाळावे लागत, आणि इंग्रजीवाल्यांपुढे बिचाऱ्यांची पेटी केवढी तरी मोठी असे.

आणि आपलं स्वतःचं पळतं अक्षर कोणतं? मोडी! आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, दोन शब्दांमध्ये जागा नाही. (शुद्धलेखनाच्या वहीत लाल शेरे मिळवणाऱ्यांनी उगाच खूश होऊ नये.) लिहिणाऱ्याचा वेग वाढावा, म्हणून ही सगळी सोय. मोडीचेही खिळे झाले बरं का. बंगालमधल्या सेरामपूरला १८१० साली विल्यम केरी यांचा मराठी-इंग्रजी शब्दकोश छापला गेला, त्यातले मराठी शब्द मोडीत आहेत. पण खिळ्यांत मोडीचा वेग काय कामाचा? छापताना कुणाचा हात पळत नसतो. त्यामुळे पुस्तकं बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, आणि हातानं लिहायचं ते मोडीत, अशी वाटणी होऊन बसली. पुढे लोक छापील वाचायलाच जास्त सरावले. विसाव्या शतकाच्या मध्याला मोडी शाळेतून गेली. आज पेशव्यांच्या दफ्तरातले लाखो कागद, कित्येक घरांतली जमिनीची जुनी पत्रं मोडीत आहेत आणि ती वाचणारी माणसं मोजकीच. कदाचित तुमच्या पणजोबांची सही तुमच्याच घरातल्या ट्रंकेत असेल आणि घरात कुणालाच ती वाचता येत नसेल. २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, मोडीला जागा मिळाली. त्यामुळे आता तिचे फाँट कॉम्प्युटरवर चालतात. शिकायला हाताशी काहीतरी आहे खरं.

पळतं अक्षर लिहिणाऱ्याला सोयीचं आणि वाचणाऱ्याला अवघड. शुभेच्छापत्र, वाढदिवसाचं आमंत्रण किंवा शाळेचा भित्तिपत्रकाचा मजकूर कॉम्प्युटरवर करताना हे डोळ्यांपुढे असू द्या. असा फाँट निवडला की मुलांना आणि (कानात सांगतो) बऱ्याच मोठ्यांनाही राहवत नाही. सगळंच त्यात लिहावंसं वाटतं. माझं मत विचाराल तर कार्डावर दोन-तीन शब्दांपुरताच तो ठेवा. नाव, 'शुभेच्छा', 'निमंत्रण', बस्स. तारीख, वेळ, पत्ता आणि फोन नंबर साध्या, उभ्या अक्षरात. पाहुणा वळणं बघत बसला आणि ७ चा १ वाचून चुकीच्या दारात उभा राहिला, तर केक कोण खाणार?

इंग्रजीत लिहिताना आणखी एक काळजी घ्या. कर्सिव्हमधली सगळी मोठी अक्षरं एकापुढे एक लावू नका. प्रमाणपत्रांवर मुलांची नावं अशी छापलेली मी कितीदा पाहिली आहेत! लेझीमच्या पथकात शिट्टी वाजवून पुढे नाचणारा एकच असतो. सगळ्यांनीच शिट्ट्या फुंकल्या तर लेझीम कोण खेळणार? कर्सिव्हमधलं मोठं अक्षर तसंच असतं. मागे छोट्या अक्षरांची रांग येणार, या हिशेबानं ते काढलेलं असतं. दोन मोठी अक्षरं एकमेकांना जोडलीच जात नाहीत. त्यांच्या गिरक्या एकमेकींत अडकतात. वर्षभर राबून बक्षीस मिळवलेल्या मुलीला आपलंच नाव अक्षर लावत लावत वाचावं लागलं, तर त्या दिमाखाचा काय उपयोग?

अक्षरांमधलं अंतर वाढवायचं बटण तर या फाँटला मुळीच लावू नका. हातात धरलेले हात सुटतात. (मराठीत हेच केलं की शिरोरेघेचे तुकडे होतात. अशा दात पडलेल्या पाट्या आपल्या गावात किती आहेत, मोजा एकदा.) आणि कॉपरप्लेट पद्धतीच्या बारीक रेघा फार छोट्या आकारात छापल्या किंवा झेरॉक्स काढल्या की मधूनमधून गायब होतात. तेव्हा आधी एक प्रत काढून बघा.

मोठमोठ्या कंपन्यांची जी पळती नावं आपण ओळखतो, ती बहुतेक वेळा फाँटमधली नसतातच. कोका-कोलाचं नाव १८८६ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात फ्रँक रॉबिन्सन यांनी हातानं लिहिलं. ते त्या धंद्याचे हिशेबनीस होते! त्या काळी अमेरिकेत 'स्पेन्सेरियन' नावाचं वळण शिकवत, त्याच वळणात. एकदाच लिहायचं आणि पुन्हा पुन्हा तेच छापायचं, मग सुट्या तुकड्यांची भानगड हवी कशाला?

मग एखादी पाटी किंवा पत्रिका समोर आली, तर ती हातानं लिहिलेली आहे की फाँटमधली, ते ओळखायचं कसं? हेरगिरी अगदी सोपी आहे. एखादं अक्षर त्यात दोन-तीनदा आलेलं शोधा. इंग्रजीत 'ई' किंवा 'ए' हमखास सापडतात. भिंग घेऊन त्यांची शेपटी, पोट, तिरपेपणा ताडून बघा. हुबेहूब सारखी असतील तर समजा फाँट आहे. कितीही सराईत माणूस एकच अक्षर दोनदा अगदी तस्संच लिहीत नाही. पण झाप्फिनोसारखा लबाड फाँट असेल तर दोन अक्षरांवर भागायचं नाही. त्याच्याकडे एकाच अक्षराची चार-चार रूपं तयार असतात. तिथे पाच-सहा 'ई' शोधावे लागतील. घरातल्या जुन्या लग्नपत्रिकांपासून सुरुवात करा. आईबाबांच्या पत्रिकेवर काय सापडलं, ते आम्हाला पोस्टकार्डावर कळवा. पत्ता मात्र साध्या अक्षरात लिहा, पोस्टमनकाकांना वाचायचा आहे!